पुढच्या रविवारी वांबोरी

बेलापूर नावाचं रेल्वे स्टेशन श्रीरामपुरात आहे. बेलापुरात स्टेशन नाही. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, आणि समजल्यावर तो आपल्याकडे जरा दयेने बघतो. गावातल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. नाव एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे, ही सोय आमच्याकडे इतरही बऱ्याच बाबतींत आहे.

गहिनीनाथ आप्पांचं सायकलीच्या बाबतीत तसंच होतं. बासष्ट-त्रेसष्टचा, बाभळीसारखा उंच, शिडशिडीत माणूस. बेलापूरच्या शिवारात ऊस आणि कांदा करण्यात जन्म गेलेला. अशा माणसाला सायकल येत असणारच, असं सगळ्या गावाने धरून ठेवलं होतं. त्यांना येत नव्हती. सायकलवर त्यांना कधी कोणी पाहिलं नव्हतं हे खरं, पण न पाहिलेली गोष्ट लक्षात यायला काही कारण लागतं, आणि तसं कारण कधी आलं नव्हतं.

त्यांचे वडील पुंजाराम नाथपंथी. दोन मुलं झाली, त्यांची नावं गहिनीनाथ आणि कानिफनाथ ठेवली. उरलेल्या सात नाथांनाही घरात जागा द्यायची वडिलांची तयारी होती, आईची नव्हती. थोरल्याला सातवीतून काढून बैलांमागे लावलं आणि धाकट्याला हायस्कूलला घातलं. यात अन्याय झाला असं कोणाला वाटलं नाही, गहिनीनाथांनाही नाही. हायस्कूल लांब, म्हणून घरात सायकल आली ती कानिफनाथांची आली. सायकल शिकायच्या वयात थोरल्याच्या हातात कासरा होता. हात मोकळे झाले तेव्हा मिसरूड फुटलं होतं. मोठ्या भावाने धाकट्याकडून काही शिकायचं आणि तेही त्याच्यादेखत पडून, हे त्या घरात बसण्यासारखं नव्हतं.

बाजारच्या दिवशी धाकटा पायडल मारी आणि थोरला मागे कॅरियरवर, मांडीवर पिशवी घेऊन, सरपंचासारखा बसे. लोकांना ते दृश्य योग्यच वाटे. थोरल्याने कशाला पायडल मारायचं? पुढे ट्रॅक्टर आला आणि प्रश्नच मिटला. फक्त लग्न झाल्यावर कधीतरी बायकोने, कडूबाईने, "मला माहेरी सायकलीवर सोडा की" असा हट्ट धरला तेव्हा त्यांना तिला खरं सांगावं लागलं. कडूबाई हसली नाही. ती चालत गेली आणि ही गोष्ट जन्मभर तिने कोणाजवळ काढली नाही. आमच्याकडच्या संसारात यापेक्षा मोठी प्रेमाची खूण सहसा सापडत नाही.

कानिफनाथ साखर कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना व्यायाम सांगितला. त्यांची मुलगी अश्विनी पुण्यात नोकरीला. तिने बापासाठी गिअरची सायकल पाठवली. जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली, डोंगरात फिरवायची. गावाने ती आळीपाळीने उचलून बघितली आणि वजनाला कमी भरली म्हणून नापास केली.

कानिफनाथांनी सायकलवर पहिलं काम काय केलं, तर तिला कॅरियर बसवलं. श्रीरामपूरच्या दुकानदाराने ते बसवायला साफ नकार दिला होता. "काका, असल्या सायकलीला कॅरियर लावत नसतात. शोभा जाते," असं तो म्हणाला. कानिफनाथ म्हणाले, "आमच्या वयात शोभा आणखी किती जाणार?" आणि त्यांनी गावातल्या वेल्डरकडून लोखंडी कॅरियर करून घेतलं. वर रेक्झीन लावलेली मऊ गादी. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, बऱ्याच खाली, आडवे बाहेर आलेले वीतभर लोखंडी नळीचे दोन तुकडे. डोंगरासाठी जन्मलेली ती सायकल आता दूध डेअरीला निघाल्यासारखी दिसू लागली.

"कानिफ तात्या, किटल्या अडकवायच्या का याला?" पारावर कोणीतरी विचारलंच.

"असू द्या. लागतं," एवढंच ते म्हणाले. बुटका, गोल, हसऱ्या चेहऱ्याचा तो माणूस कमी बोलायचा. पण बेत करायला लागला की त्याला थांबवणं अवघड.

आणि बेत एकच होता. रोज संध्याकाळी दोघं भाऊ कांदा साठवायच्या चाळीपुढच्या ओट्यावर बसत आणि कानिफनाथ तो नव्याने मांडत. सकाळच्या पॅसेंजरने वांबोरीला जायचं. सायकल पार्सलात टाकायची नाही, लहान स्टेशनावर ती उतरवून घेईपर्यंत गाडी पुढच्या विळद स्टेशनाला पोचेल. ती दूधवाल्यांच्या डब्यात चढवायची. त्यांना सामानाची सवय असते, कटकट करत नाहीत. वांबोरीतून घाट चढायचा, गोरक्षनाथ गडावर जायचं, भाकरी खायची, दुसऱ्या अंगाने नगरकडे उतरायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. दिवसभराची मजा. मुक्काम नाही, पाहुण्यांकडे जाणं नाही, कोणाचं लग्न नाही, कोणाची माती नाही. नुसतं जायचं आणि यायचं.

"नुसतंच?" आप्पा विचारत. काम नसताना प्रवास करणं त्यांना जरा बेकायदा वाटे.

"नुसतंच, दादा. बापानं आपली नावं नाथांची ठिवली आन् आपन जवळचा गडबी धडपनं बघितला न्हाई."

"घाट चढायचा म्हनजे छाती फुटायची."

"चढ चालत चढायचा. मोठेमोठे चालत चढत्यात. उतार आपला हाय."

आप्पा यावर मान डोलवत. उतार आपला आहे, याचा अर्थ त्यांनी आपल्या परीने लावला होता. कान्या आपल्यासाठी कुठून तरी दुसरी सायकल आणणार, वांबोरीच्या स्टेशनाबाहेर ती आपल्या हातात देणार, आणि आपण चार परक्या माणसांपुढे टांग मारायला जाऊन पालथे पडणार. म्हणून शनिवार आला की त्यांना काम निघे.

"या आठवड्यात दिवसाची लाईट हाय. पानी धरावं लागंल. पुढच्या रविवारी जाऊ."

पुढच्या रविवारी पाथर्डीकडची ऊसतोडीची टोळी यायची असे. त्याच्या पुढच्या रविवारी कांद्याची लागण. मग कडूबाईचा गुडघा; मग तो बरा झाल्यावर आप्पांचा. कानिफनाथ एकदाही चिडले नाहीत. "बरं, पुढच्या रविवारी," असं म्हणून ते फडक्याने सायकल पुसून ठेवत. एकट्याला जाता आलं असतं. गेले नाहीत. "एकट्यानं काय जायचं?" असं ते म्हणत, आणि आप्पांना ते टोमण्यासारखं लागे.

फेब्रुवारीत, एका साध्या दुपारी, जेवून खाटेवर कलंडलेले कानिफनाथ उठले नाहीत. चहाला हाक मारायला गेलेल्या त्यांच्या बायकोला, सविताला, आधी वाटलं झोप लागली. तो दिवस शुक्रवार होता. रविवारचं ठरलेलं होतं, म्हणजे नेहमीसारखं ठरलेलं होतं.

दहावा प्रवरेच्या घाटावर झाला. माणसं भरपूर. निवडणुका जवळ असल्याने श्रद्धांजलीची भाषणंही भरपूर. कैलासवासी किती मनमिळाऊ होते ते त्यांना कधीही न भेटलेल्या तिघांनी सांगितलं. मग पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. कावळे समोरच्या लिंबावर बसले होते, चांगले डझनभर. एकही उतरेना.

पिंडाला कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे. ती कोणती, हे जिवंतांनी ओळखायचं आणि मोठ्याने शब्द द्यायचा. सगळ्यात आधी सविताचा भाऊ पुढे झाला. "दाजी, अश्विनीच्या लग्नाचं मी बघतो." कावळे बसून. अश्विनी, जिने लग्नाचं कोणाला बघायला सांगितलं नव्हतं, ती रडता रडता मामाकडे रागाने बघू लागली. सविता म्हणाली, "मी घर सोडून पुन्याला जात न्हाई, हितंच ऱ्हाईन." कावळे बसून. शेताचा शेजारी पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "तात्या, बांध कोरनार न्हाई." यावर एक कावळा उडाला, तो नदीपलीकडे गेला. शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला कावळाही तयार नव्हता.

ऊन चढलं. पलीकडे दुसऱ्या घरचा दहावा खोळंबलेला. गुरुजींनी हळूच पिशवीतून दर्भ काढला आणि त्याचा कावळा वळायला घेतला. अडल्या वेळी शास्त्राने ती सवलत ठेवली आहे.

तेव्हा आप्पा पुढे झाले. दहा दिवसांत ते कोणाशी धड बोलले नव्हते. ते पिंडापुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "कान्या, मी जातो. तुझी सायकल घिऊन रेल्वेनं वांबोरीला जातो. घाट चढून गडावर जातो. आता टाळीत न्हाई."

ते उठायच्या आत कावळा खाली आला. एक नव्हे, चार आले. लोकांनी हात जोडले, बायांनी पदर डोळ्यांना लावले. गुरुजींनी अर्धा वळलेला दर्भाचा कावळा पिशवीत परत ठेवला आणि जाताना आप्पांना म्हणाले, "शब्द दिलाय. वर्षश्राद्धाच्या आत उरका. राहू देऊ नका." राहिल्यास काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. न सांगितलेलं जास्त लागतं, हे त्या धंद्यातल्या माणसांना ठाऊक असतं.

अशा रीतीने, ज्याला सायकल येत नाही त्या माणसाने सगळ्या भाऊबंदांदेखत, नदीकाठी, मेलेल्या भावाला डोंगरात सायकल नेण्याचा शब्द दिला.

गावाला बंधुप्रेमाची ही गोष्ट फार आवडली. "आप्पा, मग कधी?" असं जो तो विचारू लागला. "पुढच्या रविवारी," असं आप्पांच्या तोंडून निघून जाई आणि मग ते स्वतःच दचकत.

सविताने सायकल त्यांच्या कांद्याच्या चाळीत आणून ठेवली. ते तिच्याकडे बघत बसत, जसं अनोळखी जनावराकडे बघतात. लाथ कुठून मारेल याचा अंदाज घेत. पावसाळा गेला, दिवाळी गेली. टोळी आली, ऊस गेला. ऊस गेलेलं रान मोकळं पडलं तेव्हा भर दुपारी, शिवारात चिटपाखरू नसताना, आप्पांनी सायकल तिकडे ढकलत नेली. टांग मारली. सायकल दोन हात पुढे गेली, आप्पा त्याहून थोडे जास्त गेले. पुन्हा मारली. तिसऱ्या खेपेला ते पाटाच्या चारीत सायकलसकट बसले. बांधावरची म्हैस रवंथ थांबवून बघत होती. तिने नंतर पुन्हा सुरू केलं, हे आप्पांना विशेष लागलं.

कडूबाईने गुडघ्याला हळद भरली.

"अश्विनीला सांगून टाका," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"येत न्हाई म्हनून. तिला काय वाटायचंय त्यात?"

"कान्याला सांगितलं न्हाई जन्मभर. आता त्याच्या पोरीला सांगू व्हय?"

"त्यांना सांगितलं आस्तं तर काय बिघडलं आस्तं?"

आप्पा हळदीकडे बघत म्हणाले, "थोरला हाय मी."

"व्हय," कडूबाई म्हणाली, "त्येच म्हनते मी." आणि वाटी उचलून आत गेली.

अश्विनीचा दर आठवड्याला फोन येई. तिचा बेत वाढत चालला होता. "आप्पा, मी पण येते. माझ्या ऑफिसातले दोघं-तिघं सायकलवाले आहेत, ते त्यांच्या सायकली घेऊन येतील. वर्षश्राद्धाच्या आदल्या रविवारी जाऊ. तुम्ही पुढे, आम्ही मागे. मी व्हिडिओ करते. पप्पांना किती बरं वाटेल!"

"बरं," आप्पा म्हणाले, आणि फोन ठेवून ओट्यावर बसले. आता टाळायला जागा नव्हती. शब्द मोडला तर भाऊ अडकणार. पाळायला गेलं तर पुतणीच्या मोबाईलमध्ये, पुण्याच्या पोरांच्या साक्षीने, म्हातारा रस्त्यात आडवा. उरला एकच मार्ग. आप्पांनी वर्षश्राद्धाच्या आधीचा रविवार यायच्या आत, एक मंगळवार धरला. कडूबाईला सांगितलं, आणखी कोणालाही नाही.

"न्हेनार कशी?" तिने विचारलं.

"हातात धरून."

"सगळी वाट?"

"सगळी वाट. जातो म्हनलं हुतं मी. बसून जातो असं म्हनलं न्हाई." हे बोलून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पिंडापुढच्या बोलण्यातून असली पळवाट काढणं वकिलाला शोभलं असतं.

कडूबाईने भाकरी, पिठलं आणि ठेचा बांधून दिला. दोघांचा दिला. आप्पांनी तो तसाच पिशवीत घातला.

मंगळवारी ढगाळ होतं. थंडीचे दिवस सरता सरता येणारं ते मळकट आभाळ. पाऊसही पडत नाही आणि ऊनही. बेलापूरहून श्रीरामपूरच्या स्टेशनापर्यंत आप्पा सायकलच्या डाव्या बाजूने चालत होते. वाटेत पहिला मोटारसायकलवाला थांबला.

"काय आप्पा, पंक्चर?"

आप्पांनी टायरकडे पाहिलं. दोन्ही टायर टम्म फुगलेले होते.

"व्हय," ते म्हणाले. "पंक्चर."

दुसऱ्याने विचारलं, त्यालाही पंक्चर. तिसरा म्हणाला, "माझ्याकडं पंप हाय." त्याला म्हणावं लागलं की पंपाने भागणार नाही. स्टेशन येईपर्यंत त्या सायकलची इतकी पंक्चरं झाली की दुसरी असती तर खरंच बसली असती.

कानिफनाथांचा अंदाज बरोबर निघाला. दूधवाल्यांच्या डब्यात रिकाम्या किटल्या होत्या, पेरूच्या पाट्या होत्या, एक शेळीही होती. सायकल आत घ्यायला दोन हात आपणहून पुढे आले. पांढऱ्या टोपीचा एक दूधवाला किटलीवर बसला होता, त्याने सायकल नीट न्याहाळली.

"इकायला काढली का?"

"न्हाई. फिरायला."

"कोन फिरनार?"

आप्पांनी विचार केला. "सायकल," ते म्हणाले.

"आन् तुमी?"

"मी तिच्यासंगं हाय."

दूधवाल्याने शेजारच्याकडे बघितलं. शेजारचा म्हणाला, "बरं हाय की. आमी म्हशीसंगं ऱ्हातो, ह्ये सायकलीसंगं." डबा हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं. दूधवाल्याने कॅरियरच्या गादीवर हात दाबून बघितला आणि म्हणाला, "बैठक मातूर मऊ केलीय. कुनासाठी?"

"भावानं केली. आसंच."

"आसंच कोन करतं व्हय येवढं?" तो म्हणाला. तेवढ्यात पढेगाव आलं आणि तो किटल्या घेऊन उतरला.

आप्पा खिडकीतून बघत राहिले. राहुरी गेलं. ऊस मागे पडत गेला, डोंगर पुढे येत गेला. या वाटेने ते नगरला शेकडो वेळा गेले होते, कोर्टात, दवाखान्यात, बियाण्याला. डोंगराकडे कधी बघितलं नव्हतं. आजही त्यात बघण्यासारखं फारसं काही नव्हतं. पिवळं गवत, काळा दगड, वर करडं आभाळ. कान्याला यात काय दिसलं होतं कोण जाणे. ते विचारायचं राहून गेलं. रोज संध्याकाळी त्याने बेत सांगितला, आणि रोज आपण फक्त त्यातून सुटायचं कसं ते ऐकलं.

वांबोरीला सायकल उतरवून घेतली आणि गाडी निघून गेली. स्टेशनापासून गाव, गावापासून घाट. गावात चहाच्या टपरीवर पुन्हा पंक्चर विचारून झालं. घाटाच्या पायथ्याशी आप्पांनी धोतर वर खोचलं आणि चढायला लागले.

चढावर सायकल ढकलणं हे आजारी बैलाला बाजारात नेण्यासारखं असतं. तिला जायचं नसतं आणि तिचा राग येत नाही. त्यात ती मागच्या चाकाची नळी. वळण आलं की ती आप्पांच्या पोटरीला ठोके देई. पहिल्यांदा लागलं तेव्हा त्यांनी वेल्डरला शिवी दिली, दुसऱ्यांदा दुकानदाराला, तिसऱ्यांदा भावाला. मग भाऊ मेलाय हे आठवून शिवी परत घेतली. एक ट्रक खाली उतरत होता, त्याच्या क्लीनरने ओरडून विचारलं, "बाबा, हवा गेली का?" आप्पांनी हात हलवला. छातीत धाप होती, बोलवत नव्हतं. चढ चालत चढायचा, कान्या म्हणाला होता. निदान तेवढं तरी त्याच्या बेताप्रमाणे चाललं होतं.

गडावर पोचले तेव्हा दुपार टळत आली होती. मंगळवार, त्यामुळे माणूस नाही. वारा तेवढा होता, आणि तो भरपूर होता. आप्पांनी दर्शन घेतलं. "आणली," एवढंच म्हणाले. गोरक्षनाथांना म्हणाले की भावाला, ते त्यांनाही ठरवता आलं नाही. शब्द पाळून झाला होता. मनावरचं काहीतरी उतरायला हवं होतं. त्यांनी थोडी वाट पाहिली. काही उतरलं नाही.

भाकरी सोडली. दोघांची होती. एकाची खाल्ली, दुसऱ्याची समोर ठेवली. इथे कावळे नव्हते. एक कुत्रं आलं, ते खाऊन गेलं.

मग, पाय ओढल्यासारखे झाले होते म्हणून, त्यांनी सायकल उंच ओट्याला टेकवून उभी केली आणि कॅरियरवर टांग टाकून बसले. सीटवर बसायची छाती नव्हती. कॅरियरची लहानपणापासून सवय होती. बसल्याबरोबर पाय आपसूक खाली गेले आणि नळ्यांवर टेकले.

बरोबर टेकले. गुडघे वर येत नव्हते, टाचा लोंबत नव्हत्या. आप्पांनी पाय उचलून पुन्हा ठेवले. पुन्हा तिथेच. त्यांनी खाली वाकून बघितलं. नळ्यांना किटल्या अडकवायच्या का, असं पारावर विचारलं होतं. किटल्या अडकवायच्या तर त्या वर हव्यात. सविताचे पाय तिथवर पोचले नसते, अश्विनीचे नसते, खुद्द कानिफनाथांचेही नसते. अख्ख्या घरात एवढ्या लांब टांगांचा माणूस एकच होता.

दुसरी सायकल कधी येणारच नव्हती. बेतात ती नव्हतीच. बाजारला जायचे तसंच जायचं होतं. धाकटा पुढे, थोरला मागे. चढ दोघांनी चालत चढायचा. उतार आपला, म्हणजे दोघांचा.

म्हणजे कान्याला माहीत होतं. सुरुवातीपासून, बहुधा त्या पहिल्या सायकलपासून. त्याने गादी करून घेतली, नळ्या मापाच्या बसवल्या, कोणता डबा धरायचा ते शोधून ठेवलं. एकच गोष्ट त्याने केली नाही. 'दादा, तुला येत न्हाई, तू मागं बस' हे तो बोलला नाही. थोरल्याला असं बोलायचं नसतं. आणि थोरल्याने 'मला येत न्हाई' असं धाकट्यापुढे म्हणायचं नसतं. दोघांनीही रीत नीट पाळली. तीत कुठेही चूक काढता येणार नाही. तेवढ्यासाठी वर्षभराचे रविवार गेले, आणि रविवार संपायच्या आधी माणूस गेला.

आप्पा कॅरियरवर बसून राहिले. पुढच्या रिकाम्या सीटवर त्यांनी हात ठेवला होता, जसा बाजारच्या वाटेवर खड्डा आला की ठेवत. रडले का, ते सांगता येत नाही. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतच होतं.

ओट्याच्या खालच्या अंगाने शेळ्या वर आल्या, त्यांच्यामागे काठी टेकत एक म्हातारी. तिने आप्पांकडे पाहिलं, ओट्याला टेकलेल्या सायकलकडे पाहिलं, आणि सबंध मुलुखाने विचारलं होतं तेच विचारलं.

"पंक्चर झाली का व्हं बाबा?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "मला सायकल येत न्हाई."

शब्द इतक्या सहज बाहेर पडले की त्यांनाच नवल वाटलं. आभाळ होतं तसंच करडं राहिलं. शेळ्या चरत राहिल्या.

"आन् मग मागं का बसलाव?" म्हातारीने विचारलं.

"माझी जागा हाय ही."

"चालवनारा कुठं गेला?"

"गेला," आप्पा म्हणाले.

म्हातारीच्या लक्षात आलं. ती काठीवर हनुवटी टेकून उभी राहिली. "माझ्या मालकालाबी येत नव्हती," ती म्हणाली. "आमी चालतच गेलो कुठंबी. पर त्यांनी पहिल्याच दिशी सांगितलं हुतं." मग शेळ्यांना हाळी देत ती पलीकडच्या उताराला लागली.

संध्याकाळची गाडी गाठायची होती. आप्पा उतरले, सायकल ओट्यापासून सोडवली आणि नगरच्या अंगाला निघाले. रस्ता सरळ खाली जात होता. तिथून पायडल न मारता, नुसतं बसून, वारा तोंडावर घेत दोघांना जाता आलं असतं. सायकलला तसं जायची घाई होती. ती हातातून पुढे पुढे ओढत होती. आप्पांनी दोन्ही ब्रेक दाबून धरले आणि तिला आपल्या चालीने उतरवत नेली, सगळा उतार.